तिसरी हाक

माझा आवाज ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी माझं तोंड कधी पाहिलेलं नाही. हिंगोलीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं बसून मी नोकरी काढली. हुद्द्याचं नाव वाहतूक नियंत्रक. लोक कंट्रोलर म्हणायचे, आणि गाडी लेट झाली की आणखी बरंच काही म्हणायचे, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पुढ्यात माइक, डोक्यावर पंखा, आणि बाहेर फलाटाच्या खांबांवर कर्णे. सेनगावची गाडी कुठं लागली, हे मी आत बसून सांगायचो आणि बाहेर माणसं धावत सुटायची.

रिटायर झालो तेव्हा सगळ्यात जास्त त्रास घशाला झाला. घरात मी काहीही बोललो की आमच्या सौ. म्हणायच्या, "अहो, हळू! मी फलाटावर न्हाई, इथंच हाय." मग बोलणंच कमी झालं. माझी मुलगी मनीषा पुण्याहून दिवाळीला आली होती, तिनं ते बरोब्बर ओळखलं. मला सलीमच्या सायबर कॅफेत नेऊन तिनं एक ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, "बाबा, इथं लिहा. जगात कुठंही वाचता येतं." मी म्हटलं, "आणि कोण वाचणार?" ती म्हणाली, "ते कळत नाही. तीच तर मजा आहे."

नाव दिलं 'चौकशीची खिडकी'. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि पडद्यावर मराठी उमटायचं. सुरुवातीचे माझे लेख म्हणजे निव्वळ बोअर होते हो. वेतनवाढ, बदल्यांचं धोरण, कोणत्या साली कोणता मार्ग सुरू झाला. सगळं खरं आणि सगळं कोरडं ठणठणीत. कुणी काळं कुत्रं फिरकलं नाही. मनीषानं फोनवर झापलं, "बाबा, हा ब्लॉग आहे का परिपत्रक? तुम्ही माइकवर बोलायचात तसं लिहा की!"

हे मात्र डोक्यात बसलं. माइकवर बोलण्याची एक रीत असते. ऐकणाऱ्याच्या एका काखेत गाठोडं असतं, दुसऱ्या काखेत लेकरू. त्याला तुमचं प्रास्ताविक नको असतं. कुठली गाडी, कुठं लागली, आता निघते, एवढंच पाहिजे. मी तसंच लिहायला लागलो. आधी माणूस, मग जागा, मग काय झालं ते. आणि संपलं की माइक बंद.

पहिला चाललेला लेख एका म्हाताऱ्याचा. उन्हाळ्यातले दिवस, भर दुपार. धोतर-पटका घातलेला म्हातारा खिडकीशी आला. "साहेब, म्या हितं बाकड्यावर टेकतो. सेनगावची गाडी लागली की मला नाव घेऊन हाक मारा. मला कमी दिसतंय." नाव सांगून तो समोरच्या बाकावर बसला. गाडी लागली, मी नाव घेऊन पुकारलं. म्हातारा हलला नाही. झोपला असंल म्हणून पुढच्या गाडीला पुन्हा पुकारलं. मान माझ्याकडं वळलेली, डोळे अर्धे उघडे, जणू मन लावून ऐकतोय. ऊन बाकावर आलं तरी तो सावलीत सरकला नाही, तेव्हा मी खुर्ची सोडली. जाऊन हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय. म्हणजे मी दुपारभर मेलेल्या माणसाला नाव घेऊन बोलवत होतो, आणि त्याच्या शेजारी बसलेली बाई त्याला सारखी म्हणत होती, "आजा, तुमालाच बलावतेत."

हा लेख टाकला आणि सलीमनं मला पडद्यावर दाखवलं. खाली माणसांचे अभिप्राय! नाशिकहून, नागपूरहून, एक तर थेट दुबईहून. छाती फुगली. सलीम म्हणाला, "चाचा, आप तो हिट हो गए!" मी घरी जाऊन सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचं लिहून कौतुक होऊन राहिलं व्हय तुमचं?" पण त्या दिवशी चहात आलं घातलं होतं.

मग मी चिमीचं लिहिलं. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

हिंगोली वेगळा जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. कुरुंद्याकडं हळद काढायला, शिजवायला बाहेरून मजूर यायचे. काम संपलं की गाठोडी घेऊन गावाकडं परतायचे. सेनगावकडच्या एका खेड्यातली धुरपताबाई अशीच परतत होती. नवरा नव्हता. सोबत तिची लेक चिमी, शाळेत न घातलेली, एवढीशी. दोघींची बोटं अजून हळदीनं पिवळी. गाडी बदलायला आमच्या स्टँडवर उतरल्या. धुरपताबाई नळावर पाणी भरायला गेली, वळून बघते तर गाठोड्यापाशी पोरगी नाही.

ती माझ्या खिडकीवर येऊन आदळलीच. "साहेब, माझी चिमी! आत्ता हितं व्हती!" मी माइक ओढला आणि बोललो, "चिमी, तू जिथं असशील तिथून ये. तुझी आई चौकशीच्या खिडकीजवळ उभी आहे." हे वाक्य मी ब्लॉगवर जसंच्या तसं लिहिलं, कारण ते मी कधी विसरूच शकलो नाही.

चिमी आली नाही. आम्ही सगळं स्टँड धुंडाळलं, गाड्यांच्या खाली वाकून पाहिलं, मुतारीमागं पाहिलं, आडात माणूस उतरवला. पोलिसांत गेलो. सेनगावच्या वाटेवरच्या डेपोंना फोन लावले. पोरगी जशी काही हवेत विरून गेली. एवढ्याशा लेकराला कुणीच पाहिलं नव्हतं.

खरी गोष्ट याच्या पुढची आहे. धुरपताबाई दर वर्षी हळदीचं काम उरकलं की परतताना माझ्या खिडकीशी येऊन उभी राहायची. बोलायची नाही. नुसती माइककडं बघायची. मी समजायचो आणि तेच वाक्य तसंच बोलायचो. पहिल्या वर्षी लोक हळहळले. नंतर नंतर स्टँडवरच्या लोकांना ते सोसंना. शेंगदाणेवाला गप्प व्हायचा, कँटीनवाला रेडिओ बंद करायचा. एक जुना ड्रायव्हर तर मला म्हणाला, "साहेब, तुमी नाव घेता तवा माझ्या मानंवर काटा येतोय. कोन येणार हाय आता? आन् आलं तर काय येणार हाय?" मी त्याला चूप बस म्हटलं. पण त्याचं खोटं नव्हतं. ज्या वयाच्या चिमीला मी हाक मारत होतो, त्या वयाची चिमी तर कुठंच उरलेली नव्हती.

एवढं लिहून मी लेख टाकला. अभिप्राय आले, बहुतेक रडवेले. दोनेक आठवड्यांनी सायबरमध्ये गेलो तर सगळ्यात खाली एक नवा होता. नावाच्या जागी 'अनामिक'. मजकूर एवढाच:

"दोनदाच."

मला काही समजंना. मग समजलं आणि पंख्याखाली घाम फुटला.

स्टँडवर मी कुठलीही सूचना दोनदाच सांगायचो. माझ्या आधीच्या कंट्रोलरनं मला तसं शिकवलं होतं. "दोनदा सांगायचं आणि थांबायचं. तीनदा सांगायला लागलास की लोक पहिल्या दोन वेळा ऐकतच नाहीत." ते हाडात मुरलं होतं. चिमीलाही त्या दिवशी मी दोनदाच पुकारलं आणि मग खुर्ची सोडून शोधायला धावलो. पण किती वेळा पुकारलं, हे मी लेखात कुठं लिहिलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली. एका शब्दानंही नाही.

स्टँडवर गेलो. शेंगदाणेवाल्याला विचारलं, कँटीनवाल्याला विचारलं. त्यांना ब्लॉग म्हणजे काय तेच माहीत नाही. किती वेळा पुकारलं होतं, हे तर कुणालाच आठवत नव्हतं. मी खाली लिहिलं, "आपण कोण?" दुसऱ्या दिवशी उत्तर:

"तिसरी हाक आली असती तर मी ओ दिली असती."

मी सलीमला बोलावलं. त्यानं वाचलं, दाढी खाजवली. म्हणाला, "चाचा, भूत को टाइपिंग आती है क्या?" हसला, पण मग त्यानंच उठून दार सताड उघडं ठेवलं.

सौ.ना सांगितलं तर त्यांनी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. "ते लेकरू गेलेलं हाय. तुमी वर्षानुवर्षं गेलेल्या जीवाला हाका मारल्या, आता ते मागं लागलं. बंद करा ते सगळं." मी म्हटलं, "अगं, कुणी थट्टा केली असंल." त्यावर त्या जे बोलल्या त्यानं मी खरा हादरलो. "थट्टा असंल तर अजून वाईट. त्या बाईला काय सांगणार? तिचं लेकरू तिच्यापासून दोनदा जाईल."

हेच तर होतं. मला भुताचं भ्या नव्हतं असं नाही, पण त्याहून जास्त भ्या धुरपताबाईचं होतं. न सांगावं तर तिच्या लेकीची गोष्ट मी खिशात घालून फिरणार. सांगावं आणि खोटं निघालं तर ती बाई जगायची नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सेनगावची जीप धरली.

ती अंगणात तूर पाखडत बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून उठली, खाट टाकली. मी ते अभिप्राय उतरवून आणलेला कागद खिशातून काढून वाचून दाखवला. माझी तयारी होती, ती रडंल, ओरडंल. ती नुसती विचारत राहिली, "दोनदाच म्हणली? असंच म्हणली? दोनदाच?"

"व्हय."

तिनं सूप खाली ठेवलं. "साहेब, म्याच शिकवलं व्हतं तिला."

मग तिनं सांगितलं. हळदीच्या रानात मजुरांची पालं पडायची. आया दिवसभर कामात, लेकरं मोकळी. ती दूर जाऊ नयेत म्हणून बाया सांगायच्या, रानात हाकामारी फिरती. ती दिसत न्हाई, नुसता आवाज येतो. नाव घेऊन बोलवती, आईचं नाव सांगती. ओ दिली की घेऊन जाती. पण हाकामारीला दोनदाच हाक मारता येती. तिसरी आली तर समजायचं, आपलं माणूस हाय. तवा ओ द्यायची.

"पोरगी लई शहाणी व्हती माझी," धुरपताबाई म्हणाली. "म्या बी तिला बोलवलं की तिसऱ्या हाकेलाच यायची. रागं भरायची मी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या लेकरानं कर्णा कधी पाहिलेला नव्हता. डोक्यावर खांबातून एक पुरुषी आवाज आला, माणूस दिसत नाही, नाव घेतोय, आईचं सांगतोय. पुन्हा एकदा बोलला. आणि गप्प झाला. तिनं आईनं सांगितलेलं अगदी बरोबर केलं. आम्ही दर वर्षी पुकारलं, दर वर्षी दोनदाच. आई खिडकीशी उभी असताना, तिच्या देखत, मी दर वर्षी हाकामारीसारखाच थांबत होतो. देवा रे.

"आता त्या मशिनीवर तिसरी मारा," ती म्हणाली.

"काय लिहू? तुम्हीच सांगा."

"हाक मारायला काय लिवायचं असतं, साहेब?" मग तीच म्हणाली, "लिवा. चिमे, म्या हाय गं. ही तिसरी हाय."

तेवढंच लिहिलं. वर ना खाली काही. सायबरमधून हलवंना, सलीमनं चहा पाजला. त्या दिवशी काही आलं नाही. पुढं आठवडाभर रोज जात होतो. वाटायचं, थट्टा करणारा घाबरून पळाला. त्याहून वाईटही वाटायचं, की तिसरी हाक ऐकून जे काही अडकलेलं होतं ते सुटून गेलं.

आणि मग एका दुपारी लांबलचक उत्तर आलं. मी मनातल्या मनात वाचूच शकलो नाही, सलीमकडून मोठ्यानं वाचून घेतलं, आणि तो मराठी अडखळत वाचायचा म्हणून अर्थ सावकाश, तुकड्यातुकड्यांनी माझ्यात उतरला.

ती जिवंत होती. माय नळाकडं गेली तशी ती गाड्या बघत फलाटावर पुढं गेली होती, आणि त्या आवाजाला घाबरून समोरच्या रिकाम्या गाडीत चढून सीटखाली लपली. तिथंच झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी चाललेली. उतरली ती अकोल्याला. गाव विचारलं तर सांगता येईना, आईचं नाव विचारलं तर म्हणायची, 'माय'. अनाथाश्रमात वाढली, तिथं तिचं नाव सुजाता ठेवलं, शिकली, आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईचा चेहरा पुसून गेला होता. हळदीचा वास, मायनं शिकवलेली तिसऱ्या हाकेची गोष्ट आणि खांबातून आलेलं ते एक वाक्य, एवढंच राहिलं होतं. कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा तिनं एकदा सहज ते वाक्य टाकून शोधलं. काहीच मिळालं नाही. अधूनमधून टाकत राहिली. आणि एक दिवस 'चौकशीची खिडकी' उघडली.

शेवटी तिनं लिहिलं होतं: "पण लिहिलेली हाक खरी कशी समजू? लिहिणारा तर दिसतही नाही आणि त्याचा आवाजही नसतो. मी हिंगोलीला येते. तुम्ही स्टँडवरून हाक मारा. मग बघीन."

सौ. म्हणाल्या, "आईचंच लेकरू हाय. अजून तपासून राहिली."

ठरलेल्या दिवशी धुरपताबाई पहिल्या जीपनं आली. मी म्हटलं, आत खुर्चीवर बसा. "न्हाई. तुमी तिला सांगितलं, आई खिडकीजवळ उभी हाय. मंग म्या उभीच राहणार." नवं लुगडं नेसली होती आणि गर्दीला कोपरानं ढकलत होती. माझ्या जागेवर आता एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी उठून मला खुर्ची दिली. खुर्ची तीच, मागचा खिळा तसाच टोचत होता.

दुपार झाली. अकोल्याची गाडी येऊन गेली. खिडकीशी नेहमीची रांग. एकानं परभणी विचारलं, एकानं सुट्टे मागितले. खांद्याला पिशवी लावलेली एक मुलगी वाकून म्हणाली, "अकोल्याला परतीची गाडी कधी आहे?" मी सवयीनं वेळ सांगितली, मान वरसुद्धा केली नाही. ती बाजूला सरकली तर धुरपताबाई तिच्यावर खेकसली, "जरा पलीकडं व्हय माय, माझं मानूस येनार हाय."

मी माइक ओढला. घसा साफ केला. "चिमी, तू जिथं असशील तिथून ये. तुझी आई चौकशीच्या खिडकीजवळ उभी आहे." कर्ण्यातून माझाच आवाज म्हातारा होऊन परत आला. शेंगदाणेवाला गप्प झाला. दुसऱ्यांदा बोललो. कुणी हललं नाही. मला तो बाकावरचा म्हातारा आठवला, माझ्याकडं मान करून बसलेला.

तिसऱ्या वेळी माझ्या तोंडातून शब्द फुटंना. दोनदाची सवय म्हणा, भीती म्हणा. मी माइकची मान वळवली आणि खिडकीच्या गजांतून बाहेर काढून धुरपताबाईच्या तोंडासमोर धरली. ती घाबरली. माइककडं नाही, माझ्याकडं बघून हळूच म्हणाली,

"चिमे."

आणि अगदी तिच्या शेजारून, कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून, ती पिशवीवाली मुलगी म्हणाली, "ओ."

नंतर तिनं मला सांगितलं, गाडीतून उतरल्यावर खिडकीशी ती बाई उभी दिसली तेव्हाच तिला कळलं होतं. म्हणूनच बाजूला येऊन थांबली होती. पण माय म्हणाली होती, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही.

माइक बंद करायचं माझं भान गेलं होतं. त्यामुळं ती ओ सगळ्या फलाटांवर ऐकू गेली, आणि त्या जुन्या ड्रायव्हरनं म्हणे गाडी सुरू केलेली बंद केली.